ब्लाउजपिसांच्या रिबिनी

आमच्या घरातल्या ब्लाउजपिसांनी जेवढा प्रवास केला तेवढा आमच्या घरातल्या एकाही माणसाने केला नाही. बाबा डोंबिवलीतल्याच एका रंगाच्या कारखान्यात पाळीवर, आई मुंबईला ऑफिसात आणि मी शाळेत. आमच्या तिघांच्या वाटा आखून दिल्यासारख्या होत्या. ब्लाउजपीस मात्र कोपरीला कुणाच्या तरी ओटीतून निघायचं, डोंबिवलीला आमच्याकडे यायचं, इथून कल्याणला बारशाला जायचं, तिथून बदलापूरला डोहाळजेवणाला, आणि घडीवरच्या रेघा पिवळ्या पडल्या की एखाद्या नवख्या सुनेच्या पदरात पडायचं. त्याचा ब्लाउज झालेला मी कधी पाहिला नाही. त्याचा रंग कुठल्याही साडीवर जायचा नाही आणि ते कापड कुठल्याही धडधाकट बाईला पुरायचं नाही, हे देणारीला माहीत, घेणारीलाही माहीत. तरी नारळ-तांदळावर ते नसलं तर ओटी भरल्यासारखी वाटत नाही, म्हणून ते असायचं.

या सगळ्या वाहतुकीवर देखरेख आमच्या आत्याची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचं लग्न झालं नव्हतं. आधी पत्रिका, मग आजोबांचं आजारपण, मग वय, असं एकेक कारण निघत गेलं आणि कारणं संपली तेव्हा विचारणारंही कोणी उरलं नाही. आई नोकरीला, म्हणून घर आत्याकडे. तिची स्वतःची ओटी कधी कुणी भरली नाही, पण आईच्या ओटीत आलेलं प्रत्येक ब्लाउजपीस कोणाकडून आलं, ते तिला झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं. कॉटखाली एक पत्र्याची ट्रंक होती, तीत ती पिसं रचलेली असायची. ज्या घरातून आलं त्या घरी जायचं नाही, त्या घराच्या शेजारी जायचं नाही आणि त्या घरची लेक जिथे दिली असेल तिथेही जायचं नाही, असे कडक नियम होते. कुठे समारंभ निघाला की आत्या ट्रंक ओढायची, क्षणभर डोळे मिटायची आणि पत्ते पिसणाऱ्यासारखं नेमकं एक पीस बाहेर काढायची. "हे ने. हे तिकडच्या कुणी पाहिलेलं नाही." आई पर्समध्ये कोंबून निघायची. एवढ्या वर्षांत एकदाही चूक नाही. आज माझ्या फोनमध्ये सगळ्यांचे वाढदिवस भरून ठेवलेत, तरी मी नवऱ्याच्या मावशीला तिनेच दिलेला कुकीजचा डबा परत भेट दिला. असो.

बाबांची रात्रपाळी असली की आमचं घर दिवसभर कुजबुजायचं. सकाळी ते यायचे, आंघोळ करायचे (बादलीतलं पाणी कधी निळसर, कधी गुलाबी) आणि आतल्या खोलीत दार लोटून झोपायचे. मग आत्या कुकर लावायची नाही, शिट्टी होते म्हणून. भात पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून. खलबत्त्याखाली फडकं. भाजीवाला खालून ओरडायला लागला की ती गॅलरीत जाऊन नुसते हात हलवायची, तोही बिचारा खाणाखुणांनी भाव सांगायचा. माझ्या लहानपणीचा घराचा आवाज कोणता म्हणून विचारलं तर मला आठवतो तो आत्याचा स्लिपर न घालता चालण्याचा, म्हणजे खरं तर आवाजच नाही. सगळं घर कुणीतरी दमलेलं असल्यासारखं वावरायचं. बाबा पाळीने दमलेले, आई जाण्यायेण्याने दमलेली. आत्या दमते का, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. ती घरीच तर असायची.

दहावीपर्यंत माझ्या डोक्यावर शाळेचं राज्य होतं. दोन वेण्या, वर दुमडलेल्या, लाल रिबिनी. त्या आत्या बांधायची, आणि तिची गाठ अशी की कपाळाची कातडी मागे ओढली जायची. माझ्या त्या काळातल्या सगळ्या फोटोंत मी कुठलीतरी धक्कादायक बातमी ऐकल्यासारखी दिसते. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी त्या रिबिनी सोडल्या आणि ठरवलं की आता कॉलेजच्या मुलींसारखं राहायचं. कॉलेजच्या मुली मला दिसायच्या त्या स्टेशनबाहेर. त्यांच्या केसांवर रुंद कापडी पट्ट्या, मागे मोठाले बो, ड्रेसवर त्याच कापडाचा पट्टा, कुणाच्या मनगटावरही तेच. दुकानात ते सगळं टांगलेलं असायचं. आमच्याकडे असल्या गोष्टी विकत मागायची पद्धत नव्हती. मागितलं की कोणी नाही म्हणायचं नाही, पण आई "बघू हं" असं काही म्हणायची की मागणाऱ्यालाच थकवा यायचा.

तर एका रविवारी आई फरशीवर पदर पसरून आडवी झाली होती, डोळ्यांवर ओला रुमाल. मी विचारलं, "आई, ट्रंकेतली ब्लाउजपिसं घेऊ का गं? मला रिबिनी करायच्यात."

"घे."

"कुठली पण?"

"घे ना बाई. नुसती पडून तर आहेत. पंखा वाढव जरा."

मी पंखा वाढवला. परवानगी इतकी सहज मिळाली याचंच मला कौतुक. आत्या तेव्हा गॅलरीत कुरडयांची राखण करत बसलेली.

पुढचे कित्येक दिवस मी कापत आणि शिवत होते. घरात आत्याचं पायाचं मशीन होतं, पण बाबा झोपलेले, त्यामुळे सगळं हाताने. कापडाची लांब पट्टी कापायची, उलटी दुमडून कडेने टाके घालायचे, मग एका टोकाला सेफ्टी पिन लावून ती पिन त्या नळीतून आतल्या आत सरकवत न्यायची म्हणजे पट्टी सुलटी होते. ऐकायला सोपं आहे. माझी पिन बरोब्बर अर्ध्या वाटेत उघडायची आणि आत रुतून बसायची, मग ना पुढे ना मागे. सुती कापडाच्या दशा निघायच्या. नायलॉन असलं तर उदबत्तीच्या निखाऱ्याने कडा बंद करायची, त्यामुळे घरात देवाचा आणि जळक्या प्लास्टिकचा एकत्र वास. केस बांधायच्या रिबिनीत घालायला इलॅस्टिक हवं म्हणून मी बाबांच्या जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या उसवल्या. ती रिबीन घालून मी देवळात पण जाऊन आले, आत काय आहे हे फक्त देवाला आणि मला माहीत. बो ताठ राहीना. तेव्हा भाताच्या पेजेत बुडवून वाळवला, तो इतका ताठ झाला की वळून बघितलं की गालाला टोचायचा.

माझी मुलगी परवा तिच्या मैत्रिणींना सांगत होती, "आमची आई स्वतःच्या स्क्रंची स्वतः बनवायची, इतकं क्यूट!" क्यूट बिट काही नव्हतं. बोटांना भोकं पडलेली आणि तरीही प्रत्येक वस्तू थोडी वाकडी. पण आरशात बघताना मला ती वाकडी दिसत नव्हती, हे मात्र खरं.

आत्या येता-जाता एकदाच म्हणाली, "काय कुरतडतेस गं उंदरासारखी?"

"रिबिनी करतेय."

"हं," म्हणून ती पुढे गेली. दुसऱ्या दिवशी भात वेळताना तिने पेजेची वाटी ओट्याच्या कडेला ठेवली, आणि तिसऱ्या दिवशीही. ती पेज बाबांना पोटासाठी असेल असं समजून मी चोरून घ्यायचे.

चैत्रात कोपरीच्या काकूंकडे हळदीकुंकू असायचं. काकू म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. स्टेशनच्या पूर्वेला चार पावलांवर त्यांचं घर, तळमजल्याचं, आणि काकूंचा चैत्रगौरीचा थाट म्हणजे आमच्या घराण्यातली वर्षातली सर्वांत मोठी परीक्षा. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या कोरलेल्या होड्या, ओटीचे भिजवलेले हरभरे, आणि दारापासून गौरीपर्यंत बायकाच बायका. त्या दिवशी शनिवार होता. आई ऑफिसातून परस्पर येणार होती, मी आणि आत्या डोंबिवलीहून. मला समजायला हवं होतं की एका वेळी एकच वस्तू घालावी. पण मी पहिल्यांदाच काहीतरी स्वतःचं घालत होते. डोक्यावर पट्टी, मागे बो, कमरेला पट्टा, मनगटाला छोटा पट्टा, आणि हे सगळं वेगवेगळ्या ब्लाउजपिसांचं. पोळ्याचा बैल इतकं नटत नाही. आत्या दारात चपला घालताना माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं काही बोलेल. ती म्हणाली, "चल, गाडी जाईल."

काकूंनी मला हळदीकुंकू लावायला हनुवटीला हात लावून तोंड वर केलं आणि तो हात तिथेच राहिला.

"अगं बाई. ही पट्टी..." त्यांनी माझ्या डोक्यावरची पट्टी चिमटीत धरली. पिवळ्या कापडावर बारीक निळ्या छत्र्या, आणि एक छत्री छापताना उलटी पडलेली. "हे ब्लाउजपीस मी दिलेलं ना तुझ्या आईला, सुधाला? गेल्या साली, नातवाच्या बारशात?"

"हो का काकू?" मी आनंदाने म्हणाले. "छान आहे ना?"

तेवढ्यात शेजारच्या बाई पुढे झाल्या. काकूंच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. "बघू बघू. छत्र्या? आणि ही उलटी?" मग काकूंकडे वळून, "अहो, हे तर मी तुमच्या विहिणीच्या समोर तुम्हाला दिलेलं. मंगळागौरीला. तुम्ही म्हणालात, पोरीच्या फ्रॉकला छान होईल."

काकू हसल्या. ते हसू मला अजून आठवतं, कोरड्या पुरीसारखं होतं. आणि तेव्हाच पाटावर बसलेल्या, पन्हं पिणाऱ्या एक वयस्क आजी चष्मा वर करून म्हणाल्या, "हे कापड माझ्या थोरल्या जावेनं मला दिलेलं. मी तुला दिलं, मेघा, तुझ्या साखरपुड्यात. तेव्हाही ती छत्री उलटीच होती."

मेघा म्हणजे शेजारच्या बाई. त्यांनी पन्ह्याचा ग्लास खाली ठेवला.

खोलीत असलेल्या निम्म्या बायका कधी ना कधी त्या कापडाच्या मालकिणी होत्या, आणि प्रत्येकीने ते "तुझ्यासाठी मुद्दाम आणलंय" म्हणून पुढे सरकवलं होतं. हे सगळ्यांनाच सगळ्यांबद्दल कायम माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ते असं एका मुलीच्या डोक्यावर बसून घरात येणं वेगळं. मग त्यांचे डोळे माझ्या कमरेवर गेले, मनगटावर गेले, आणि मला वळून बो दाखवायची गरजच राहिली नाही, त्या मागे जाऊन बघून आल्या.

काकूंना कुणावर तरी घसरायला हवंच होतं. त्या आत्याकडे वळल्या. "वन्सं, ट्रंक तुमच्या हातात असते ना? ओटीच्या कापडाच्या चिंध्या करून पोरीला नेसवून आणलीत? चार माणसांत?"

आत्याने तोंड उघडलं आणि तेवढ्यात दारातून आई आली. घामाने डबडबलेली, खांद्याला पर्स, हातात रिकामा डबा. काय चाललंय हे तिला एका नजरेत कळलं असणार, कारण ती आत येता येताच म्हणाली, "त्यांना नका बोलू वहिनी, मीच सांगितलं मंजूला. नुसती पडून तर होती."

आईने ते आत्याला वाचवायला म्हटलं होतं. पण मी आत्याकडे बघत होते. इतकी वर्षं डोक्यात जपलेला तो सगळा येण्याजाण्याचा पसारा, ते नियम, ते डोळे मिटून काढलेलं नेमकं पीस, आणि त्याला आई म्हणाली, नुसती पडून. आंब्याची डाळ आत्याने सगळी खाल्ली, वाटी नेऊन मोरीत ठेवली, आणि डोंबिवली येईपर्यंत गाडीच्या खिडकीबाहेरची नजर तिने आत वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पिशवी भरलेली होती. "मी खडवलीला जाते, बाळूकडे," ती बाबांना म्हणाली. बाळूकाका म्हणजे सर्वांत धाकटा भाऊ.

"किती दिवस, ताई?" बाबांनी विचारलं.

"नुसतीच तर पडून असते मी इथे. तिथे पडेन," आत्या म्हणाली आणि गेली.

आता इथे आमच्या घराण्यातल्या रुसव्याबद्दल सांगायला हवं, कारण तो आमच्याकडे लहरीवर नसायचा, त्याला रीत होती. माणूस रुसलं की त्याने दुसऱ्या नातेवाइकाकडे जायचं. तिथल्यांनी कारण विचारायचं नाही, पण त्याला पाहुण्यासारखं वागवायचं. काही दिवस इकडून कुणी फिरकायचं नाही, राग निवायला वेळ म्हणून. मग कुणीतरी आणायला जायचं, तेव्हा त्याने "मी येणार नाही" म्हणायचं. पुन्हा कुणी जायचं, तेव्हा त्याने गप्प बसायचं. त्यानंतर यायचं. आजोबा असे एकदा आख्खा उन्हाळा रुसले होते म्हणतात, आणि येताना फणस घेऊन आले होते. त्यामुळे बाबा म्हणाले, "येईल. ताई कधी रुसली नाही आजवर, तिला जमणार नाही फार दिवस."

तिला चांगलंच जमलं. इकडे आमचं मात्र काही जमेना. आई पहाटे उठून कुकर लावायची, शिट्टीने बाबा उठायचे, मग ते दिवसभर डोळे चोळत बसायचे आणि कुणीही काहीही बोललं की "हळू!" म्हणून ओरडायचे. वरण मी करायचे, ते पाण्यासारखं. पोळ्या मी करायचे, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. बाबा एक पोळी घेऊन उजेडाकडे धरायचे आणि निमूट खायचे. भाजीवाला खालून खुणा करायचा, मला त्यातली एक कळायची नाही, मी नको असलेला दुधी दोन वेळा घेतला. आई संध्याकाळी आली की आधी ओट्याशी जायची. तिचा चेहरा मी तोवर इतका ओढलेला कधी पाहिला नव्हता. आणि एकदा मी गॅलरीत असताना आतून तिचा आवाज आला, हळूच, बाबांना सांगणारा.

"जूनमध्ये मंजूचं कॉलेज. वन्सं आल्या नाहीत तर मी नोकरी सोडू का?"

"वेडी आहेस का. हप्ते आहेत."

"मग घर कोण बघणार? तुमची पाळी, माझं हे..."

मग बाबा म्हणाले, "मंजूला एक वर्ष थांबवू. नाहीतरी काय घाई आहे तिला."

आईने "नाही" म्हटलं नाही. ती म्हणाली, "बघू."

ते "बघू" मला चांगलं ओळखीचं होतं. आमच्या घरात त्यातून परत आलेली गोष्ट मी पाहिली नव्हती. मी ठरवलं, आत्याला आणायचंच. रीत काय सांगते ते नंतर बघू.

खडवलीला उतरले तेव्हा भर दुपार होती. बाळूकाकांचं घर स्टेशनपासून नदीच्या बाजूला, आंब्याच्या सावलीत. दार उघडंच. धाकटी काकू ओट्यावर लसूण सोलत होती. मला बघून ती कुजबुजली, "आत आहेत. हळू जा हं. फार मनाला लावून घेतलंय गं त्यांनी. मी रोज काहीतरी तळून देते."

आत्या झोपली होती. मला दारातच थबकायला झालं. मी आत्याला दिवसा झोपलेलं जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या घरात दुपारची झोप बाबांची होती, जसा बाबांचा टॉवेल वेगळा होता तशी. आत्या कुशीवर, तोंड किंचित उघडं, एक हात उशीखाली, चक्क घोरत होती. आणि कुणीतरी तिच्यासाठी कुजबुजत होतं.

मी बाजूला बसले. जरा वेळाने तिने डोळे उघडले. "काय गं? एकटी आलीस? कुणी मेलं बिलं नाही ना?"

"आत्या, मला माफ कर. मी नाही घालणार परत त्या. चल ना घरी." मला एकदम रडू यायला लागलं. "मला कॉलेजला नाही पाठवणार ते. थांबवू म्हणतात एक वर्ष."

आत्या उठून बसली. "कोण म्हणतं?"

"बाबा. आणि आई बघू म्हणते."

"बघू म्हणते? मेली." तिने केस बांधले. दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "हे बघ, रड आवर. मी तुझ्यावर रागावलेली नाही. रिबिनीचं काय, पहिल्या दिवशीच पाहिलं होतं मी. पेज कोण काढून ठेवत होतं तुला?"

"मला वाटलं बाबांना..."

"वसंताला पेज आवडते कधी?"

"मग आईवर?"

"सुधा काय बोलली ते तिला तरी कळलं का, एवढी थकून आलेली. ते लागलं मला, नाही असं नाही. पण ते दोन दिवस लागलं." ती हातांकडे बघत म्हणाली, "मंजे, मी दमलेय गं. फार वर्षं दमलेय. पण दमले म्हटलं तर आपल्याकडे कोण बस म्हणतं? म्हणतात, घरीच तर असतेस. रुसले म्हटलं, तर बघ, तळलेले पापड मिळतात."

मी बघतच राहिले. मग मला हसू यायला लागलं, आणि तीही हसली, तोंडावर पदर धरून, काकूला ऐकू जाऊ नये म्हणून.

"डोक्यावर काय आहे ते? काढ बघू," ती म्हणाली. मी घातलेली हिरवी पट्टी तिने उलटीसुलटी करून पाहिली. "टाके बरे आहेत. उरेब, तिरकं कापायला हवं होतंस, म्हणजे अशी चुरगळली नसती." आणि मग, इतक्या सहज की मला आधी कळलंच नाही, तिने ती स्वतःच्या डोक्यावर चढवली. भिंतीवर दाढीचा आरसा टांगलेला होता, त्यात वाकून बघितलं. अर्धे पांढरे केस मागे गेले आणि तिचं कपाळ एकदम मोकळं दिसायला लागलं.

"कशी दिसते मी?"

"छान दिसतेस, आत्या. खरंच."

"चल, फाजील." पण तिने ती काढली नाही. तशीच बसून मला विचारत राहिली, बाबा पोळ्या खातात का, भाजीवाल्याने किती वेळा फसवलं, आईचे पाय दुखतात का. तेवढ्यात ओट्यावर भांडं वाजलं आणि काकू चहा घेऊन आत आली. आत्याने एका झटक्यात पट्टी ओढून उशीखाली सरकवली आणि तिचा चेहरा असा काही पडला की मला स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं.

"घ्या वन्सं, थोडा तरी घ्या," काकू म्हणाली.

आत्याने मोठ्या कष्टाने कप हातात घेतला.

निघताना ती मला आंब्याखाली सोडायला आली. "कॉलेज सुरू व्हायच्या आधी मी येते. एवढं कळतं मला. तुझं वर्ष कोणी खात नाही. पण तोवर तिकडे सांग, अजून रुसलेय म्हणून. चांगली रुसलेय." मी मान हलवली. पट्टी तिने परत दिली नाही आणि मीही मागितली नाही.

आता पन्नाशी उलटल्यावर माझ्या लक्षात येतं की आमच्या घराण्यात किती बायका किती वेळा रुसल्या, आणि त्यातल्या खऱ्या रागावलेल्या किती असतील. माझी सासू तर दर मे महिन्यात रुसायची. मी तेव्हा उगीच तिला समजवायला जायचे.

मी घरी पोचले तेव्हा आई नुकतीच आलेली होती. साडी न बदलता फरशीवर बसून गवार निवडत होती.

"काय म्हणाल्या?"

"अजून रुसलीय." मी खाली बघून सांगितलं.

आई थोडा वेळ गवारीच्या शिरा काढत राहिली. "जेवतात नीट?"

"हो."

"झोप लागते का?"

मला खोटं बोलायला पटकन सुचलं नाही. "दुपारची पण लागते."

आईचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि मला वाटलं आता मी पकडले गेले. पण ती भिंतीला पाठ टेकून बसली आणि म्हणाली, "बरं झालं." मग, जराशाने, "माझं माहेर तर आजी गेल्यावर मिटलंच. मी रुसले तर जाऊ कुठे, ऑफिसात?"

आतल्या खोलीत बाबा उठल्याचा आवाज झाला. दार उघडून ते डोळे चोळत बाहेर आले. "आलीस? काय म्हणते ताई? मी जाऊन येऊ का उद्या?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "काही जाऊ नका. भयंकर रुसल्यात म्हणे. महिनाभर तरी नाव काढू नका त्यांच्यापाशी." आणि तिने अर्धी गवार माझ्या पुढ्यात सरकवली.